कंजी पातळ का झाली

४ जुलै
यांना घरी आणून आठवडा झाला. पक्षाघाताने उजवा हात गेला, गिळणंही अवघड. नुसतं पाणी श्वासनलिकेत जातं, म्हणून सगळं घट्ट करून द्यायचं. तांदळाची कंजी, म्हणजे पेजच, चमचा उभा राहील अशी. आज अर्धी वाटी. मला रडू येत नाही.

६ जुलै
सकाळी उरलेली कंजी अकराला त्याच वाटीतून, त्याच चमच्याने. पाण्यासारखी झाली होती. वाटलं, उकाड्याने. भरवली. ठसका, ओठ निळे. सेवेला ठेवलेली सेल्वी धावली, पुढे वाकवून पाठ थोपटली. मग माझ्यावर, "एच्चिल, अम्मा! उष्टा चमचा परत वाटीत? तुम्ही शिकलेल्या ना?"
आम्ही उष्टं कधी पाळलं नाही. लग्नानंतर गिंडीच्या दोन खोल्यांत एका ताटात जेवायचो, शेवटचा घास माझा.

७ जुलै
ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून पोटात नळी. यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. सोडेनात. दोन दिवस मागून घेतले. तोवर सलाईन.

८ जुलै
ताजी कंजी, दोन वाट्या. एकीत मी थुंकले. अर्धा तास थांबले. मग दोन्हींत जखमेवरच्या आयोडीनचा एकेक थेंब. न थुंकलेली शाईसारखी काळीनिळी. थुंकलेली नुसती तपकिरी. पिष्ट उरलंच नव्हतं.
शाळेत सिस्टर शिकवायच्या. भात, कापूस, यकृतातला साठा, सगळं ग्लुकोजच. फरक सांधण्यात. भातातलं लाळेनेच सुटायला लागतं. कापसात एक सुलटं, एक उलटं, विणकामासारखं. ते आपल्याला सोडवता येत नाही. यकृतातलं फांद्याफांद्यांचं, उपाशीपोटी झटकन सुटणारं.
सगळं पाठ होतं.

९ जुलै
गिळण्याचे व्यायाम घेणारी दिव्या आली. सांगितलं, उष्ट्या चमच्यातल्या लाळेने कंजी पातळ झाली, माझ्या हातून झालं.
"पुष्कळांच्या घरी होतं, आंटी. मीच आधी सांगायला हवं होतं."
घट्ट करायला दुसरी पावडर दिली. लाळेने सुटत नाही. उद्या तिच्यासमोर सहा चमचे. ठसका लागला तर नळी.

१० जुलै
ताप उतरला. पाच चमचे गेले. सेल्वी म्हणाली, "सर, आता माझ्यासाठी एक!" हे डाव्या गालाने हसले. पुष्कळ दिवसांनी.
सहावा तोंडात आहे. दिव्याची बोटं यांच्या गळ्यावर. मी दारात उभी राहून लिहितेय. गळा अजून हललेला नाही