क्रिस्तियानसुंदचा वारा

ट्रॉनहाइम, १२ मे १९६६

चि. जोरुन हिला एडवर्तदादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, परसातली रूबार्बची झाडं मातली आहेत आणि जुलैचे तीन आठवडे तुझ्या आर्नफिन्नच्या डोंगरावरच्या लाकडी घरी सुट्टीला जायचं आहे, असं लिहिलंस. सुट्टी हा शब्द तू इतका सांभाळून लिहिला आहेस, जणू तो दुसऱ्या कुणाकडून मागून आणलाय.

बोटींच्या बुडाला शेंदूर फासत मी या धंद्यात आलो. आता स्वतःचं रंगाचं दुकान आहे, आणि त्यात उभं राहून माणसांचं बोलणं ऐकणं एवढंच माझं शिक्षण. जून लागला की नवरे येतात, सुट्टीचं घर रंगवायला लाल रंगाचे डबे उचलतात, आणि मागे बायको मैदा किती न्यायचा, साखर किती, हे पुटपुटत उभी असते. आपल्या नॉर्वेत सुट्टी म्हणजे घरचंच काम, फक्त नळाशिवाय.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण सांगतो. ईस्टरला तुझ्याकडून निघालो तेव्हा ओट्टाच्या फलाटावर तुझी सूनबाई मैत्रिणीला सांगत होती, की सासूबाईंना कामाशिवाय करमत नाही गं, रिकामं बसवलं तर त्या कोमेजतात. तिची पाठ माझ्याकडे होती. माझे कान तिच्याकडे होते.

तर या जुलैत आपण क्रिस्तियानसुंदला जायचं. तू आणि मी. त्या गावात आपण जन्मलो, माशांच्या वासात वाढलो, पण तिथल्या हॉटेलात शिरलो ते फक्त मागच्या दारानं, मासे पोचवायला. या वेळी पुढच्या दारानं शिरू. अंथरूण दुसरा घालील, न्याहारी दुसरा मांडील, बशा दुसरा उचलील.

घरी काय सांगायचं ते माझ्यावर सोड. तिथली मावसबहीण पेत्रा सत्तरीची होते आहे, तेवढ्यासाठी शनिवार-रविवार जाऊन येते म्हण. सोमवारी मी तार करीन, एका शब्दाची: वेरफास्त. हवेनं अडकलो. बेटावरचं गाव, बोटीशिवाय वाट नाही, आणि वारा सुटला की बोट नाही. किनाऱ्यावर या शब्दापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. लग्न चुकलं, बारसं चुकलं, तरी वेरफास्त म्हटलं की सगळं माफ. आणि हुस्ताविकासारखा आडदांड समुद्र शेजारी असताना वारा आपली नोकरी चोख करील.

लवकर हो म्हण. दादावर माया आहे तशी राहू दे, थोडी वाढली तरी चालेल.

एडवर्त


ओट्टा, २४ मे १९६६

ती. दादाला जोरुनचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र धुण्याच्या खोलीत बसून वाचलं. म्हातारपणी बहिणीला पळवून न्यायला निघालास. वहिनी असती तर तुझे कान उपटले असते, आणि मग स्वतःही आली असती.

सतरा मेची राष्ट्रदिनाची मिरवणूक झाल्यावर सगळी माझ्याकडे केक खायला जमली होती. तिथंच सूनबाईनं, टुरिडनं, डोंगरावरच्या खोल्या वाटल्या. यंदा तिचे आईवडील येणार आहेत, त्यांना सरोवराकडची. मला स्वयंपाकघराला लागून असलेली, म्हणजे सकाळी चूल पेटवायला सोपं जाईल म्हणाली. मी मान हलवली. माझी मान, दादा, माझ्या आधीच हो म्हणते. संसारात अँडर्स होता तोवर तो माझ्या वतीनं नाही म्हणायचा. तो गेला तसं ते खातंच बंद पडलं.

फलाटावरचं वाचून मला नवल वाटलं नाही. गेल्या वर्षी सगळी होडीतून गळ टाकायला गेली आणि मी पायरीवर बटाटे सोलत बसले होते. होडी बरीच आत गेल्यावर धाकट्या नातीनं विचारलं, आजी का नाही आली. पाण्यावरून आवाज कसा स्वच्छ येतो, तुला माहीत आहे. उत्तरही तसंच आलं. आजीला बटाटे आवडतात.

तेव्हा मी येते. पण खोटं तू बोलायचंस, माझ्या कानाच्या पाळ्या लाल होतात. खोली बंदराकडची घे. आणि एक विचारायचं राहिलं, हॉटेलात न्याहारीपासून जेवणापर्यंत माणसं करतात तरी काय?

तुझ्या लोभाची सवय आहे, ती मोडू नकोस.

जोरुन


ओट्टा, ९ जून १९६६

ती. एडवर्तमामांना आर्नफिन्नचा आदरपूर्वक नमस्कार. वि. वि.

आई पेत्रामावशींच्या वाढदिवसाला येणार हे कळलं. आनंद आहे. मात्र रविवारी रात्री तिचं सामान बांधलेलं असेल हे आपण पाहावं, कारण मंगळवारी टुरिडचे आईवडील पोचतात आणि आईच्या हातच्या आंबट साईच्या लापशीबद्दल त्यांनी फार ऐकलं आहे. परतीचं तिकीट मीच काढून आईच्या पर्समध्ये ठेवतो. समुद्राच्या हवेनं आईचा गुडघा धरतो, हेही आपल्या कानावर घालतो.

आपण व्यवहारी आहात, जास्त लिहायला नको. आईलाच घरच्यांशिवाय करमत नाही. आपला वरदहस्त आम्हा सर्वांवर असावा.

आपला भाचा
आर्नफिन्न


ट्रॉनहाइम, १५ जून १९६६

चि. जोरुन हिला आशीर्वाद, आणि गुडघ्याला वेगळे. वि. वि.

तुझ्या चिरंजीवांचं पत्र आलं. हेडमास्तरांना शोभेल असं अक्षर. त्यात आई हा शब्द जागोजागी आहे, पण आईला विचारलं असं कुठेच नाही. मी उलटून मागची बाजूही पाहिली.

खोली मिळाली, बंदराकडचीच. दोंबोसला गाडी बदल, पुढे बस आणि मग फेरीबोट. मी धक्क्यावर उभा असेन. एप्रन आणू नकोस. आणलास तर पाण्यात टाकीन.

न्याहारीनंतर काय करायचं विचारलंस. खिडकीशी बसायचं. कंटाळा आला की दुसऱ्या खिडकीशी.

भेटीपर्यंत माया जपून ठेव, भेटल्यावर उधळू.

दादा


रोंडानेच्या डोंगरातून, १२ जुलै १९६६

मामांना नमस्कार. वि. वि.

तुमची तार खालचा दुकानदार चढ चढून घेऊन आला, तेव्हा आम्ही सगळे रेडिओवर हवामान ऐकत होतो. हवामान चालू असताना आपल्याकडे कुणी चमचासुद्धा वाजवत नाही. त्या शांततेत निवेदक सांगत होता की म्योरेच्या, म्हणजे तुमच्याकडच्या, सबंध किनाऱ्यावर मंद झुळूक, आकाश निरभ्र, समुद्र शांत. आणि दुकानदारानं दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं, वेरफास्त.

आज टुरिडचे वडील आल्यावर मुलांनी त्यांना पहिलं हेच सांगितलं. ते जन्मभर आगबोटीवर होते. इतके हसले की कॉफी नाकात गेली. मुलांना आता मीठ आणायला सांगितलं तरी ती म्हणतात, येऊ शकत नाही, वेरफास्त आहोत.

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. चूल धूर करते. लापशी बुडाला लागली आणि टुरिड मागच्या अंगणात जाऊन रडली. आईनं आजवर असं कधी केलेलं नाही, ती स्वतःहून करणारही नाही. तिला तिथं कोण अडवतं आहे, हवा की तुम्ही? मला सरळ उत्तर हवं.

आर्नफिन्न


क्रिस्तियानसुंद, १५ जुलै १९६६

चि. आर्नफिन्न आणि चि. टुरिड यांना आईचे मनापासून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामानं वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. उत्तर लिहायला तोच बसला होता. वारा नव्हता पण धुकं फार होतं, असं लिहिणार होता. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

वारा नाही. धुकंही नाही. मी आल्यापासून बंदराचं पाणी बशीतल्या पाण्यासारखं पडून आहे. मामा खिडकीत बसून आकाशाला शिव्या घालतो. लहानपणी या गावच्या वाऱ्यानं छपरं उडवली, आणि आता एक झुळूक मागितली तर मिळत नाही म्हणतो. बोटी वेळेवर सुटतात.

सोमवारी मी धक्क्यावर गेले होते. मामाला न सांगता, पिशवी घेऊन, तू दिलेलं तिकीट हातात धरून. तार त्यानं सकाळीच केली होती, पण मला ते खोटं सोसवेना. दोर सोडण्याआधी बोटीवरच्या माणसानं विचारलं, बाई, येताय ना. माझी मान हलायलाच लागली होती. मग मी नाही म्हणाले. फार हळू म्हणाले असेन, कारण त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

बोट गेली. मी तिथंच एका खुंटावर बसले आणि बराच वेळ कुणाची माफी मागितली नाही.

गावाबाहेर उघडे खडक आहेत. आम्ही मुली तिथं खारवलेले मासे उन्हात पसरायचो आणि ढग दिसला की पळत जाऊन गोळा करायचो. पाठ मोडून यायची. काल त्याच खडकावर मी पोलकं सैल करून पालथी पडले. ढग आला. मी उठले नाही.

गुडघा धरलेला नाही. डोंगरावर पाण्याच्या बादल्या वाहताना धरतो, ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. जेवायला इथं रोज बकालाव असतो, खाऱ्या माशाचा, टोमॅटो घातलेला. त्यात बटाटेही असतात. मला बटाटे आवडत नाहीत, आर्नफिन्न. पण दुसऱ्यानं सोललेला असला तर जातो.

टुरिड, लापशीसाठी रडू नकोस. विस्तव कमी ठेवायचा आणि हात थांबवायचा नाही, त्यात दुसरं काही गुपित नाही. मी पहिल्यांदा केली तेव्हा अँडर्सच्या आईनं ती डुकरांना घातली होती. तू मला वाईट वागवलंस असं मी म्हणत नाही. मी मान हलवत गेले आणि तू खोल्या वाटत गेलीस. तुझ्या वडिलांना सांग, ते हसले ते बरं झालं. इथं आम्हीही हसलो.

आता तुझा प्रश्न. मामानं तार खोटी केली, ती त्याची चूक, आणि मी करू दिली, ती माझी. पण मला त्यानं अडवलेलं नाही आणि हवेनंही नाही. मला राहायचं आहे म्हणून मी राहिले आहे. सुट्टी संपेपर्यंत राहणार आहे. तू न्यायला येणार असलास तर ये, बंदरासमोर बसून कॉफी पिऊ, आणि मग तू परत जा.

पुढच्या जुलैत मी हवी असेन तर आधी पत्र लिहून विचार. माझं उत्तर हातात पडेपर्यंत खोल्या वाटू नकोस. उत्तर नाही असंही येऊ शकेल.

तुमच्यावरचा माझा लोभ होता तेवढाच आहे. तुमचाही असू द्या, चुलीपाशी मी नसले तरी.

तुझी आई
जोरुन