मोठ्या बाईंचं नाव

३ नोव्हेंबर
श्रीचा फोन. चुलतभाऊ, त्र्यंबकला असतो, तोही भटजी. "ताई, अण्णांना आता दिसत नाही. रविवारी येतो, वंशावळींची बाडं घेऊन जातो. घराण्यातच राहतील." घराण्यातच. आणि मी, अण्णांची मुलगी, कोण? भाडेकरू?
तीन वर्षं अण्णा तोंडानं सांगतात, मी लिहिते. शाळेतून येते, चहा टाकते, यजमानांच्या वंशावळी लिहायला बसते. मुलगा, बाप, आजोबा, पणजोबा. बायका कडेला, "सौ." म्हणून. यजमान म्हणतात गुरुजींचं अक्षर अजून मोत्यासारखं. अण्णा मान डोलावतात.
अण्णांना विचारलं, श्रीला हो का म्हणालात, तर "रीत आहे." एवढंच. राग आला. भाजी करपली.

५ नोव्हेंबर
ओझरला कारखान्यात असलेल्या लताबाई आल्या. मूळच्या केरळच्या. आईच्या अस्थी रामकुंडात सोडून ओल्या साडीनं थेट आमच्याकडे, नाव नोंदवायला.
अण्णा: "वडील? आजोबा?"
"पहले आई लिहा गुरुजी. मग आईची आई, मग तिची आई. आमचं घर आईकडून चालतं. वडील त्यांच्या आईच्या घरचे."
अण्णा गोंधळले. "मग कर्ता कोण?"
"मामा. चाव्या मामाकडे."
अण्णा खूश. "म्हणजे शेवटी पुरुषच!" मला म्हणाले, बापाच्या जागी मामा लिही.
"मामा बाप नाही, गुरुजी." हसल्या, पण डोळे भरलेले. "आता ते घर पण नाही राहिलं. वाटण्या झाल्या. पण मला कधी कोणी परक्याचं धन नाही बोललं."
मी मामा लिहिला नाही. लता, खाली तिची आई, आजी, पणजी. आमच्या बाडांत चार बायका एकाखाली एक, मी तरी पहिल्यांदाच पाहिल्या. त्यांनी सही केली. अण्णांना म्हटलं, झालं.

७ नोव्हेंबर
अण्णा: "परवाचं पान वाच."
खोटं वाचायचं ठरवलं होतं. त्यांना कुठे दिसतंय! पण कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळण्यात हयात गेली, जीभ वळेना. होतं तसं वाचलं.
अण्णा: "सांगितलं ते लिहिलं नाहीस."
"नाही."
जेवले नाहीत. मीही नाही.

८ नोव्हेंबर
सकाळीच, "आपलं पान काढ."
आमच्या घराण्याचं. अकरा पिढ्या. अण्णांच्या कडेला "सौ. सुमती", ती आई. माझं नाव नाही. माहीत होतं, तरी पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.
"तुझं लिही," म्हणाले. "त्या बाईंसारखं. आधी तू, खाली तुझी आई, तिच्याखाली तिची आई."
मी लिहिलं. आईचं लिहिलं. मग हात थांबला. आजीचं नाव काय? अण्णांना आठवेना. आठवेना म्हणजे, माहीतच नव्हतं. तिच्या हातच्या पुरणपोळ्या मात्र आठवल्या.
सटाण्याच्या मामींना फोन केला. नव्वदीच्या आहेत, आजीची सून. "अगं, आम्ही मोठ्या बाईच म्हणायचो. सासूचं नाव घेतंय कोण? आणि लग्नात बदललेलं की माहेरचं, कुठलं हवंय तुला?" दोन्ही त्यांना ठाऊक नव्हती. विचारायला दुसरं कुणी उरलं नाही.
परक्यांचे सात पिढ्यांचे पूर्वज काढून देणारं घर हे. दिव्याखाली अंधार.
अण्णा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
बाकीची बाडं लाल कापडात बांधून ठेवली. आमचं अण्णांनी सकाळपासून मांडीवर घेतलंय, सोडत नाहीत. पानावर मी, आई, खाली मोकळी ओळ.
श्री दहाला आला. गाडी आणलेली. पाया पडला.
अण्णा म्हणाले, "तुझ्या आजीचं नाव काय रे? आईच्या आईचं."
श्री हसला. मग माझ्याकडे पाहिलं. मग हसू गेलं. "आईला विचारून सांगतो."
"विचार. मग ये."
रिकामी गाडी घेऊन गेला. काकू, त्याची आई, त्र्यंबकलाच असते, त्याच्याच घरात. संध्याकाळचे सहा वाजले. अजून फोन नाही.