कीबोर्ड पुसायचा राहिला

प्रिय दादा,

तुझी तक्रार परवा हॉस्पिटलात पोचली. आमच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशींना कामावरून काढा, असं तू सरळ लिहिलंयस. त्यांना तेव्हाच घरी बसवलं. शुक्रवारी चौकशी आहे आणि त्यात त्यांची बावीस वर्षांची नोकरी जाणार, असं सगळे धरून चाललेत. तू चिडलायस ते बरोबरच आहे. बाबा साध्या ऑपरेशनला आले, जखम चिघळली आणि नवव्या दिवशी संपलं सगळं. पण हे पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बाबांना माझ्याच वॉर्डात ठेवा म्हणून मीच डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागले होते. लेक नर्स आहे, आता काळजी कसली, असं ते शेजारच्या पेशंटला ऐकवायचे. मी गंभीर तोंड केलं की माझे शाळेतले गणिताचे मार्क काढायचे. मावशी रोज त्यांची उशी नीट करून द्यायच्या, ते तू कुठे पाहिलंस? दोनदाच तर आलास. जाऊ दे, आत्ता ते भांडण नको.

तपासणीवाल्यांनी वॉर्डातल्या वस्तूंवरून बोळे फिरवून नमुने नेले. बाबांच्या जखमेतला जंतू सापडला तो आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर. आम्ही अकराजणी त्या एकाच कीबोर्डवर नोंदी करतो. पेशंटला हात लावायचा, टाइप करायचं, पुन्हा पेशंटकडे जायचं. म्हणून तो दर पाळीला मावशींनी जंतुनाशकाने पुसायचा आणि पुसल्याची सही तक्त्यावर नर्सने करायची, असा नियम आहे. मावशींनी तो पुसला नाही, हे खरं. तुला कुणीतरी तेवढंच सांगितलं आणि तू तेच धरून बसलास.

का पुसला नाही, ते ऐक. तीन महिन्यांपूर्वी त्या पुसत असताना बटणं दाबली गेली आणि एका पेशंटच्या औषधाच्या नोंदीत एक शून्य वाढलं. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. पण एक नर्स सगळ्यांदेखत त्यांच्यावर खेकसली, की पुन्हा कीबोर्डला हात लावायचा नाही, माझं मी बघेन. आधी वायर काढा मग पुसा, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. त्या नर्सने थोडे दिवस पुसला. मग सोमवारीच आठवड्याभराच्या सह्या ठोकून मोकळी व्हायला लागली.

ती नर्स मी आहे, दादा. बाबांची पट्टी बदलायला मी त्याच कीबोर्डवरून उठून जायचे, कधी हात धुऊन, कधी घाईत तशीच. मेट्रननी आम्हा दोघींना समोर घेऊन विचारलं, तेव्हा मावशींनी माझं नाव घेतलं नाही. नंतर जिन्यात म्हणाल्या, की तुझा बाप गेलाय, आणखी किती सोसशील. आणि मी गप्प बसले. मला माझीच किळस येते. शुक्रवारी मी सगळं सांगणार आहे, पण तुला ते परक्या तोंडून कळायला नको, म्हणून लिहिलं. तक्रारीतलं मावशींचं नाव खोड आणि तिथे तुझ्या बहिणीचं घाल.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
बारकी