समुद्रातला गाळ आणि तुमची कात्री
अण्णा, पुन्हा सांगतो, ती जंतू मारायची औषधं सुटी द्यायची नसतात. तुम्ही म्हणणार, "आले आमचे आठवी नापास डॉक्टर!" म्हणा. पण कसब्यातल्या त्या मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून तुम्ही जन्मभर कात्रीने गोळ्यांच्या स्ट्रिपा कापल्यात, ते मी पाहिलंय. चिठ्ठीवर दहा लिहिलेल्या असायच्या, आणि समोरची बाई म्हणायची, "अण्णा, आत्ता चारच द्या. फरक पडला नाही तर बाकीच्या नेते." फरक पडायचाच. बाकीच्या तशाच राहायच्या. डबा द्यायला आलो तेव्हा एकदा मी विचारलं, दहा लिहिल्यात तर चार का देता? हातातली कात्री न थांबवता तुम्ही म्हणालात, "मग तिच्या घरचं वाणसामान आपण भरणार का, साहेब?" सगळं दुकान हसलं. तो राग अजून माझ्या पोटात आहे, कारण तुमचंही खरंच होतं.

एका जागी टिकत नाही, हे तुमचं माझ्याबद्दलचं मत. बरोबर आहे. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताटं उचलली, वाघोलीला बिल्डिंगांवर पाणी मारलं, आता गोव्याला एका बोटीवर आहे. मासे धरत नाही आम्ही. लोखंडी जबडा दोराने तळाला सोडतो, गाळ वर ओढतो, आणि बरोबरच्या मॅडम तो बाटल्यांत भरून बर्फात ठेवतात. त्या गाळातले जंतू दुसऱ्या जंतूंना मारायला काहीतरी सोडतात म्हणे. आपल्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या रोगांवर त्यातून औषध निघतंय का, हे लॅबमध्ये बघतात. मॅडमनी मला एक बशी दाखवली. सगळीकडे रोगाच्या जंतूंची पांढुरकी साय, मधे गाळातल्या जंतूचा ठिपका आणि ठिपक्याभोवती स्वच्छ गोल. "या गोलात रोगाचा जंतू वाढू शकला नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग आपल्या गोळ्यांना काय झालं? "औषध अर्धवट घेतलं की चिवट जंतू मागे उरतात, दादा. मग तेच वाढतात." मला काउंटरमागचे तुम्ही दिसलात.

आणि मग वॉर्डातले तुम्ही. दुकानाचं शटर पायावर आलं, एवढीशी जखम. रोज नवी बाटली लावतायत, ताप उतरत नाही, आणि सगळ्या औषधांची नावं तोंडपाठ असलेले तुम्ही प्रत्येक बाटली ओळखताय. शेवटी डॉक्टर म्हणाले, काहीच लागू पडत नाहीये. मॅडम म्हणतात, तो जंतू तुमच्यामुळे तयार झाला असं कुणालाच म्हणता येणार नाही, सगळीकडे हेच चाललंय. मला तेवढ्याने चैन पडत नाही.

कारण आता आई त्याच वॉर्डात आहे. तिला साखर आहे, पाय चिघळला. तपासणीत एकच इंजेक्शन चालेल असं निघालं, तेही पुरे दोन आठवडे. चार दिवसांत सूज उतरली आणि आई घरी जायचं म्हणून बसली. फोनवर म्हणते, "बरं वाटतंय रे. कशाला पैसे ओततोस? तुझे अण्णा असते तर केव्हाच घरी नेलं असतं."

"म्हणूनच अण्णा नाहीत," मी म्हणालो.

ताईने फोन घेतला. "तिथे बसून अक्कल पाजळू नकोस. पुढची इंजेक्शनं आणायची कशातून, ते सांग. पैसे आले तर ठेवून घेते तिला, नाहीतर उद्या डिस्चार्ज."

मी तडक मॅडमकडे गेलो, त्या गोलातलं आईला देता येईल का विचारायला. त्या हसल्या नाहीत. "ते अजून बशीतच आहे, दादा. माणसापर्यंत यायला कित्येक वर्षं लागतात. बहुतेक तर येतच नाहीत." तेव्हापासून धक्क्यावर नुसता येरझाऱ्या घालतोय. एवढा गाळ उपसला आणि आईच्या कामाचा चमचाभर नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तरी एक सांगतो, ताईला सांगितलेलं नाही. बोट दुरुस्तीला लागलीय, सुट्टी मागितली तर आज मिळेल, रात्रीच्या गाडीने सकाळी स्वारगेट. पण त्या वॉर्डात पुन्हा पाऊल टाकायची माझी छाती होत नाही. म्हणून मी येत नाही. बँक उघडली की राहिलेल्या सगळ्या इंजेक्शनांचे भरतोय, एकही कमी न करता, अठरा हजार सहाशे रुपये.