लांब एक की साध्या दोन

ता. ९, मंगळवार
कामावरून, डबा खाऊन झाल्यावर

प्रिय कप्तानसाहेब,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ सवयीने लिहून गेलं. खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते. मी बरी आहे. तुझे पंप आजारी पडतात, तू पडत नाहीस, तेव्हा तूही बराच असशील.

फोनवर काही बोलायला जावं तर तुझ्यामागे ते पंप धडधडत असतात, तू “हो हो, बरं बरं” म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. पत्र कसं, मध्येच ठेवून देता येत नाही. दिलंस तरी मला कळणार नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘यंदा समुद्रावर कोणती सायकल न्यायची ते तूच ठरव. जोडसायकल, की आपापल्या दोन? घाई नाही.’ घाई नाही कशी? रेल्वेच्या सामानाच्या डब्यात सायकलींना मोजून सहा जागा, आणि त्या १९ तारखेपर्यंतच मिळतात. खिडकीवरच्या बाई मला विचारतात, “लांब एक की साध्या दोन?” मी म्हणते, “उद्या सांगते.” असं तीनदा झालं. आज तर मला बघून त्यांनी खिडकीच लावून घेतली. त्यांची जेवणाची वेळ झाली होती म्हणा, पण मला लागलं ते.

सायकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, तुमची लाल सायकल भाजी आणायला ठीक आहे. साहेबांची ती बारीक चाकांची, वाळूत रुतून बसेल. जोडसायकल न्या, दणकट आहे. साखळीला तेवढं तेल देत राहा, खाऱ्या हवेत गंजते.” तुझ्या ताई म्हणाल्या, “जोडीनेच जावं गं. किती शोभता तुम्ही दोघं तिच्यावर!” शोभतो! दुरून डोंगर साजरे. जो उठतो तो त्या सायकलीबद्दल मत देतो, आणि मागच्या सीटवर एकजणही बसलेला नसतो.

हँडल तुझ्याकडे. ब्रेक तुझ्याकडे. गियर तुझ्याकडे. मला धरायला एक दांडी, ती वळत नाही की काही नाही, आणि समोर तुझा शर्ट. नऊ वर्षं आपण त्याच किनाऱ्यावर जातोय. डावीकडे काय आहे विचार, उजवीकडे काय आहे विचार, सगळं सांगेन. समोर काय आहे ते मला ठाऊक नाही. तुझ्या मानेवरचा तीळ मात्र मी डोळे मिटून काढून दाखवीन. आणि खड्डा तू बघतोस, बसतो मला.

असो. कामावर आज वैताग. एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. “टोचते” म्हणतात. कुठे टोचते विचारलं की म्हणतात, “तुम्हीच बघा ना, तुम्ही बनवलीय.” प्लॅस्टर ओतून पुन्हा साचा काढला, पुन्हा घासली. हाताला अजून त्या गुलाबी भुकटीचा वास आहे, पत्राला आला तर माफ कर.

वेल्डरची बायको भेटली होती. तुझ्या पंपघरावरच्या त्या वेल्डरची. रविवारी, चपला दुरुस्तीला टाकायला गेले होते तिथे. मोठ्या प्रेमाने म्हणाली, “तुमच्याकडेही अजून दोन वर्षं ना? आमच्या ह्यांनी तर कालच मुदतवाढीवर सही केली.”

मी हसून “हो ना” म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिच्यासमोर, चांभारासमोर, एका हातात एक चप्पल घेऊन?

मग घरी येऊन तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. उलटसुलट करून बघितली. सायकलीवर सहा ओळी आहेत. सहीवर एक अक्षर नाही.

मागच्या वर्षीसारखंच. तेव्हा समुद्रावरच्या त्या खाणावळीत, दहा परक्या माणसांच्या पंगतीत, तू खाणावळीच्या काकूंना सांगितलंस, “पुढच्या महिन्यापासून मी नव्या पंपघरावर. दोन वर्षं.” मला ते त्या दहाजणांबरोबरच कळलं. त्यांनी तुझं अभिनंदन केलं, मीही केलं. हातात वाढायचा डाव होता, तो तुझ्या डोक्यात घातला नाही हे माझे संस्कार.

आता दुसऱ्या दिवसाचं लिहूनच टाकते. आपण दीपगृहाला जाऊन आलो, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. त्या सत्तर किलोमीटरमध्ये मी एकदाही जोर लावला नाही. पाय पेडलवर होते, साखळी एकच असल्यामुळे ते आपोआप फिरत होते, पण मी पोत्यासारखी बसून होते. मुद्दाम. म्हटलं, कधीतरी मागे वळून विचारेल, काय गं, काय झालं? चढावर तू उभा राहून मारत होतास, शर्ट भिजून पाठीला चिकटला. वळला नाहीस. आणि संध्याकाळी काकूंना काय म्हणालास? “आज वारा फार उलटा होता हो.”

वारा पाठीमागून होता. जाताना माझे केस सारखे माझ्याच तोंडावर येत होते, आणि येताना तर वारा पडलाच होता.

म्हणजे मी जोर लावला काय, न लावला काय, तुला वारा वाटतो. आणि आता दोन वर्षांची नोकरी तू ठरवायची, पुढची दोन वर्षंही तूच, आणि सायकल मी! उपकार झाले.

१९ च्या आत उत्तर दे. सायकलीचं नको, दुसऱ्याचं दे.

तुझ्या मागच्या सीटवरून,
मी


ता. १३, शनिवार
पंपघर

बाईसाहेब,

पत्र मिळालं. दोनदा आत वाचलं, तिसऱ्यांदा बाहेर येऊन, कारण वेल्डर विचारायला लागला की डोळ्यात काही गेलं का.

वारा पाठीमागून होता. मला माहीत होतं.

पहिल्याच चढाला कळलं. एक मोटर बंद पडली तर मी झोपेतून उठून सांगतो कोणती ते. नऊ वर्षं माझ्या पायांना तुझ्या पायांचा जोर ठाऊक आहे, तो गेलेला मला कळणार नाही? वळलो नाही, कारण वळलो असतो तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हटलं, ही शिक्षा आहे, मुकाट्याने ओढावी. गुडघा पंधरा दिवस दुखत होता. तोही तुला सांगितला नाही.

नोकरीचं तुला एकटीला सांगायची माझी छाती झाली नाही. चारचौघांत सांगितलं तर तू भांडणार नाहीस, एवढाच विचार केला. तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

वेल्डरच्या बायकोने सांगितलं ते खरं आहे. मलाही मुदतवाढीचा कागद आलाय. मी सही केलेली नाही. सुट्टीनंतरच्या सोमवारी द्यायचा आहे. सोबत पाठवतोय. नको वाटलं तर फाडून टाक, हवं वाटलं तर परत पाठव, सही करीन. तू म्हणशील तसं. तूच ठरव.

कप्तान वगैरे कोणी नसलेला,
तुझा


ता. १८, गुरुवार
घरून

अरे माणसा,

नमस्कार-चमत्कार नंतर. तुला माहीत होतं! वर्षभर मी मनाची समजूत घालत होते की जाऊ दे, आपला नवरा जरा बेखबर आहे, असतात काही माणसं. आता कळलं की माहीत असून गप्प बसणारा मिळालाय. दोन्हींत वाईट कोणता ते अजून ठरत नाही. पत्र वाचलं तेव्हा आधी रडले, मग तुझ्या गुडघ्याची कीव आली, मग त्या कीवेचाच राग आला. तोंड मलाही होतं, हे मान्य. सत्तर किलोमीटर मीही ते उघडलं नाही.

पण हा कागद? “तूच ठरव”? पुन्हा? आधी सगळं तू एकट्याने ठरवलंस, आता सगळं मी एकटीने ठरवू. यात दोघं कुठे आहेत? ‘फाड’ म्हटलं तर तू जन्मभर नळाकडे बघून सुस्कारे सोडणार. ‘सही कर’ म्हटलं तर तुझ्या ताई सांगत सुटणार की हिनेच पाठवलं. कागद परत पाठवतेय, जसाच्या तसा. समुद्रावर बरोबर घेऊन ये.

सकाळी खिडकीवर गेले. बाई म्हणाल्या, “हं. लांब एक की साध्या दोन?” मी म्हटलं, “साध्या दोन.” त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि लिहून घेतलं. सायकलवाल्याने तोंड वाकडं केलं, पण तुझ्या सायकलीला थोडे जाड टायर बसतात का ते बघतोय. किनाऱ्याचा रस्ता रुंद आहे, शेजारी शेजारी चालवता येतील. मला तुझं तोंड दिसलं पाहिजे. पाठीशी भांडून माझं मन भरत नाही.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नाही. वर्षभर कुणालाच सांगितली नाही. मला नोकरीचा राग नव्हताच रे. तू खाणावळीत ‘मी जातोय’ म्हणालास, आणि मी तो डाव हातात धरून मनातल्या मनात कोणतं सामान बांधायचं, कोणतं ताईंकडे ठेवायचं, ते ठरवायला लागले होते. तिकडेही कवळ्या लागतच असतील. दात काय, सगळीकडेच पडतात. मी वाट बघत होते तू ‘येतेस का’ म्हणशील याची. जेवण संपलं, ताटं उचलली, तू म्हणाला नाहीस.

तेव्हा विचारलं असतंस तर ‘हो’ म्हटलं असतं. आता विचारलंस तर काय म्हणेन, खरंच मला माहीत नाही. पण विचार.

अजून रागावलेली, तरी येणारी,
तुझी बायको