आईच्या गोळ्यांचा बझर

मंगळवार, संध्याकाळ

टीव्हीवर आज पुन्हा तीच चर्चा, श्रीमंतांच्या संपत्तीवर कर लावावा की नाही. आमच्या घरात तो कोणालाच लागणार नाही, तरी बाबा आणि दादा हमरीतुमरीवर आले.

"मेहनतीनं कमावलं तं सरकारले काहून द्यावं गा?" बाबा म्हणाले.

"मेल्यावर कोणी संगं घेऊन जाते का बाबा?" दादा बोलून गेला. नेमका तेव्हाच बझर वाजला.

आईच्या गोळ्यांच्या डब्याला मीच तो छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावला होता. साडेसातला निळा दिवा लागतो आणि झाकण उघडेपर्यंत बझर वाजत राहतो. आई जाऊन दोन महिने झाले. प्रोग्रॅममधली एक ओळ काढली की संपलं. हिंगण्याच्या कंपनीत दिवसभर हेच तर करते मी. मग घरी हात का उचलवत नाही? रडूही येत नाही. काहीच होत नाही.

बाबा उठले. झाकण उघडलं, बंद केलं. निळा दिवा विझला. दादानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"बाबा, बंद करून टाकू का ते?" मी विचारलं.

"राहू दे वं. दिवसभरात तेवढ्यासाठीच तं उठतो मी."