अकरा नाण्यांची चकाकी

बोरिवली (पूर्व),
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ति. कमळताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं नेत्रा ओरडून सांगते, म्हणजे सगळं घरभर होतं. हे पत्र तू एकटीनेच वाच. नेत्राला दाखवू नकोस, आणि तिच्या नवऱ्याला तर मुळीच नको.

नवी बिल्डिंग चांगली झाली आहे. अकराव्या मजल्यावर वारा भरपूर आहे, लिफ्ट मात्र दिवसाआड बंद असते. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा मे महिन्यात काढायचा आहे. हे झालं बरं वर्तमान.

आता मुद्द्याचं. जुनी बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा माझा नाण्यांचा डबा मी तुझ्याकडे मुलुंडला ठेवला होता. भाड्याच्या खोलीत कोण येतं, कोण जातं, याचा भरवसा नव्हता म्हणून. आत चांदीची अकरा प्रूफ नाणी होती, प्रत्येक आपापल्या पारदर्शक डबीत. टांकसाळीत पैसे भरून, वर्ष वर्ष वाट बघून एकेक मिळवलेलं. प्रूफ नाणं बाजारात चालवायला पाडत नाहीत. पॉलिश केलेल्या ठशाने ते दोन-दोनदा ठोकतात. त्यामुळे मागची जागा आरशासारखी काळीभोर दिसते आणि चित्रावर धुक्यासारखा पांढरेपणा येतो. त्या दोहोंच्या फरकावरूनच प्रूफ ओळखायचं असतं.

मार्चमध्ये आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे, म्हणून परवा डबा उघडला. नाणी अकराच आहेत, पण धुकं गेलंय. चित्र आणि जागा, सगळं एकसारखं चकाकतंय. टांकसाळ याच नाण्यांचा एक साधा संचही विकते, तो डबीत घातला तर वरवर असाच दिसतो. ताई, माझी नाणी काढून कोणीतरी साधी बसवली आहेत. तुझ्या घरात चांदीची पारख एकालाच आहे आणि तो घाटकोपरला ज्वेलरच्या काउंटरवर बसतो. मी नाव लिहीत नाही, तूच विचार कर.

तुझ्या लोभाची नेहमीसारखी अपेक्षा धरणारा,
रामनाथ

मुलुंड (पूर्व),
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. रामनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्मा बदलायला झालाय. तिसऱ्यांदा कळलं की माझ्या भावाचं डोकं बदलायला झालंय.

अरे, नाव लिहीत नाहीस म्हणजे काय उपकार करतोस? अल्पेश माझा जावई आहे. हे गेले त्यानंतर मला एकटी राहू द्यायची नाही, असं नेत्राच्या आधी तो म्हणाला. दर महिन्याला माझं कानाचं मशीन तो स्वतः साफ करून आणतो. तुझा डबा माझ्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली होता, आणि किल्ली माझ्या कमरेला. लक्ष्मीपूजनाला मी तो एकदा बाहेर काढला, माझ्या हातांनी, आणि अकराच्या अकरा नाणी मोजून परत ठेवली.

आणि आरशासारखी नाहीत म्हणतोस? मी बघितली तेव्हा त्यांत माझं तोंड दिसत होतं, नाकातल्या चमकीसकट. नाणी चकाकतात म्हणून तक्रार करणारा तूच पहिला! लहानपणीही कॅरमची सोंगटी हरवली की तू आधी माझी मूठ उघडून बघायचास आणि मग सोंगटी तुझ्याच मांडीखाली निघायची.

कुळीथ पीठ संपलं असेल तर सांग, गावाहून आलंय. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. मनात वाकडं ठेवू नकोस.

तुझीच,
कमळताई

बोरिवली (पूर्व),
ता. १७ फेब्रुवारी २०२५

ति. कमळताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू चिडणार हे माहीत होतं. पण तुझ्याच पत्रात उत्तर आहे. लक्ष्मीपूजनाला डबा बाहेर होता, हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? त्या संध्याकाळी अल्पेश घरी होता ना? पूजा झाल्यावर नाणी रात्रभर देवापुढेच असणार. तू सकाळी अकरा मोजलीस, पण कुठली अकरा ते तुला कसं कळणार?

आणखी एक. डबा परत न्यायला मी जानेवारीत आलो, तेव्हा इतर वेळी गप्पा मारणारा हा माणूस एक शब्द बोलला नाही. मी डबा पिशवीत घातला तेव्हा तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. माझ्या मनातून ते जात नाही. मन साफ असलेला माणूस नजर चुकवत नाही.

मी काल घाटकोपरला त्याच्या दुकानात जाऊन आलो. तो जेवायला गेला होता ती वेळ साधली. सेठना विचारलं की तुमच्या या माणसाकडून चांदीची प्रूफ नाणी कधी आली होती का. ते नाही म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. तुला हे आवडणार नाही. मलाही आवडलं नाही, पण माझी चाळीस वर्षं त्या डब्यात होती. महिन्याअखेर त्याने खरं सांगितलं नाही तर मी पोलिसांत जाईन.

राग आला तरी माझ्यावरचं प्रेम आटू देऊ नकोस.
रामनाथ

मुलुंड (पूर्व),
ता. २४ फेब्रुवारी २०२५

ती. रामनाथमामा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईंना न सांगता लिहितो आहे, आणि त्यांच्या उशाखालची तुमची पत्रंही न सांगताच वाचली आहेत. तुमचं दुसरं पत्र आल्यापासून त्या धड जेवलेल्या नाहीत. भाऊ की जावई, यांतलं एक निवडायला लावलंस रे रामू, असं देवापुढे बसून म्हणतात. सेठनी मला चांदीच्या काउंटरवरून उठवून मागे पॅकिंगला बसवलं आहे. मी त्यांना काही बोललो नाही, कारण बोलायचं तर सगळंच बोलावं लागेल.

मामा, नाणी तुमचीच आहेत. भिंग घेऊन त्यांच्या कडा बघा. दोनदा ठोकलेल्या नाण्याची कड अजून धारदार आहे, साध्या संचाची तशी नसते. मग नाण्याचा चेहरा उजेडात तिरका धरा. गोल गोल बारीक ओरखडे दिसतील.

डबा आमच्याकडे आल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मी दुकान आवरून घरी आलो तेव्हा नाणी ताटात मांडलेली होती. आईंनी डब्या उघडून ती दंतमंजनाने आणि जुन्या धोतराच्या फडक्याने घासली होती. तुमच्या आई लालबागच्या खोलीत चांदीचे चार रुपये असेच घासून लक्ष्मीपुढे ठेवायच्या ना? ते सांगताना त्या इतक्या आनंदात होत्या! रामूची नाणी काळी पडली होती, आता बघ कशी लखलखतात, असं म्हणाल्या. मी एक नाणं उचलून दिव्याखाली धरलं. प्रूफवरचं धुकं एकदा गेलं की कोणी परत आणू शकत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?

घासल्याचं मामांना सांगू नका, नाणी काळी होती असं ऐकून त्यांना वाईट वाटेल, असं मी त्यांना सांगितलं. खरं तर मी तुम्हा दोघांनाही भ्यायलो. तुम्ही डबा न्यायला आलात तेव्हा तुमच्याकडे बघवेना, म्हणून बाल्कनीत गेलो.

एकच मागणं आहे. आईंना कळू देऊ नका. भावाची आयुष्यभराची वस्तू आपल्या हातांनी घालवली, हे त्यांना सहन होणार नाही. त्यापेक्षा तुम्ही मला चोर समजा, चालेल.

आपला कृपाभिलाषी,
अल्पेश

बोरिवली (पूर्व),
ता. ४ मार्च २०२५

चि. अल्पेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. दुसऱ्या दिवशी नाणी घेऊन मंडळात भाऊंकडे गेलो. भाऊ आमच्यातले सर्वांत जुने, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी भिंगातून कडा बघितल्या आणि म्हणाले, प्रूफच आहेत, पण कोणत्या गाढवाने घासली? खोलीत आठ-दहा जण होते. मी म्हणालो, मीच. दंतमंजनाने.

मग एकजण हसला आणि सगळेच हसले. नाण्याला बोट लावू नका म्हणून चाळीस वर्षं मीच त्यांना दटावत आलो होतो. प्रदर्शनातून माझं नाव काढलं आहे. भाऊंनी हेही सांगितलं की आता यांचं मोल चांदीच्या वजनाइतकंच. ऐकताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तुझं पत्र वाचताना जेवढं वाटलं तेवढं नाही.

आज तुमच्या दुकानात जाऊन सेठना आणि सगळ्या नोकरांना हेच सांगितलं, आणि हात जोडून माफी मागितली. तू तेव्हा बँकेत गेला होतास. तुझ्या तोंडावर मागायची राहिली आहे, त्यासाठी रविवारी येतो.

चूक पहिल्यापासून माझीच. ताईला मी नाणी जप म्हणालो, पण कशी जपायची ते सांगितलं नाही. आमच्या घरात चांदी जपायची म्हणजे घासायची, हे मला माहीत असायला हवं होतं. तिला काही कळणार नाही. या म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
रामनाथमामा

मुलुंड (पूर्व),
ता. ७ मार्च २०२५

चि. रामनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

अल्पेशला सेठनी परवा पुन्हा काउंटरवर बसवलं. तू सगळ्यांसमोर हात जोडलेस, असं नेत्राने सांगितलं तेव्हा मला रडू आलं. रागाने नव्हे. काल पोटभर जेवले. रविवारी नक्की ये, तिसऱ्यांचं, तुझ्या आवडत्या शिंपल्यांचं सुकं करते. अल्पेशशी नीट बोल, तो तुझ्यावर एवढासुद्धा रागावलेला नाही, मीच त्याच्या वाटचं रागावून घेतलंय.

पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. नाणी तूच दंतमंजनाने घासलीस आणि त्यांची वाट लावलीस, असं दुकानात सांगितलंस म्हणे. तुला कोणी सांगितले होते रे हे उद्योग? अल्पेशने मला बोलू नका म्हटलं होतं, पण आता सांगते. मी तुझी अकराही नाणी पूजेच्या आधी घासून, धुऊन, पुसून लख्ख करून दिली होती. त्यावर पुन्हा घासायची काय गरज होती? तुझा हात लहानपणापासून जड. आईने तुला कधी चांदीला हात लावू दिला नव्हता, ते उगाच नव्हे. आता तुझ्या त्या मंडळात मान खाली घालावी लागेल ना?

झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी येताना डबा घेऊन ये. माझ्या हातून बघते काही सुधारतात का.

तुझ्यावर चिडणारी आणि तुझीच वाट बघणारी,
कमळताई